फर्ग्युसनच्या फोर व्हील ड्राइव्हला एफ-वनने लगेच बॅन केलं म्हणे! नाही हो, बावीस वर्षं लागली

मंडळी, ती ट्रॅक्टरवाल्याच्या रेसगाडीची गोष्ट आता इतक्या ग्रुपवर फिरलीये की एकदा नीट उत्तर देऊन टाकतो. ज्यांच्यापर्यंत पोचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६१ साली ट्रॅक्टर बनवणाऱ्या फर्ग्युसन कंपनीने म्हणे जगातली पहिली फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी रेसिंग कार बनवली, ती पहिल्याच रेसला उतरली, इंग्लंडचा ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने सगळ्या फील्डला लॅप देऊन, म्हणजे सगळ्यांना पूर्ण एक फेरी मागे टाकून, ग्रां प्री मारली, बड्या टीम्सची टरकली आणि फॉर्म्युला वनने ताबडतोब फोर व्हील ड्राइव्हवर बंदी घातली, नाहीतर आज सगळ्या एफ-वन गाड्या फोर बाय फोर असत्या. सोबत फोटो, गडद निळी गाडी, नाकावर पांढरा पट्टा, आणि शेवटी ते ठरलेलं, की सिस्टीमला हुशार माणूस चालत नाही.

फोटो खरा आहे. गाडीही खरी, फर्ग्युसन पी-९९ तिचं नाव. मॉस जिंकला हेही खरं. बाकी मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात काही ना काही गडबड आहे, आणि राग याचा येतो की खरी गोष्ट त्या पोस्टपेक्षा कितीतरी भारी आहे.

सुरुवात ट्रॅक्टरपासून करू. 'ट्रॅक्टर कंपनीने बनवली.' आपल्याकडे गावात मॅसी म्हटलं की पोराटोरांनाही कळतं कुठला ट्रॅक्टर, चेन्नईची टॅफे कंपनी साठच्या दशकापासून इथे मॅसी फर्ग्युसन बनवतेय, त्यामुळे ही लाइन वाचून लोकांना लगेच आपलेपणा वाटतो आणि पोस्ट पुढे जाते. पण हॅरी फर्ग्युसनने आपला ट्रॅक्टरचा धंदा १९५३ मध्येच मॅसी-हॅरिस या कॅनडाच्या कंपनीला देऊन टाकला होता. म्हणजे रेसगाडी ट्रॅकवर आली त्याच्या आठ वर्षं आधी. गाडी बनवली ती हॅरी फर्ग्युसन रिसर्च या वेगळ्या छोट्या कंपनीने, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला, आणि तिचा ट्रॅक्टरशी संबंध मालकाच्या आडनावापुरता.

माणूस मात्र जबरदस्त होता, यात वाद नाही. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बनवलेलं विमान उडवलं, आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. पुढे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायची थ्री पॉइंट लिंकेज सिस्टीम, जी आज आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरमागे बघायला मिळते. आणि म्हातारपणी डोक्यात एकच खूळ, की रस्त्यावरची साधी फॅमिली कार चारही चाकांवर चालली पाहिजे म्हणजे ओल्या रस्त्यावर माणसं मरणार नाहीत. या कामात त्याच्याबरोबर होता टोनी रोल्ट. हा फौजेतला मेजर, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता आणि तिथे माळ्यावर लपून ग्लायडर बनवणाऱ्या टोळीतला एक, नंतर १९५३ ची ले मां २४ तासांची रेस जॅग्वारमधून जिंकलेला. डिझाइन क्लॉड हिलचं, हा आधी ॲस्टन मार्टिनमध्ये होता. कार कंपन्या फर्ग्युसनची सिस्टीम घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून म्हणाले रेसगाडी बनवून दाखवू, जाहिरात होईल. काही ठिकाणी तर असंही लिहिलंय की म्हातारा पिटमध्ये उभा राहून जिंकताना बघत होता. हॅरी फर्ग्युसन २५ ऑक्टोबर १९६० ला गेला. गाडी पहिल्यांदा रेसला उतरली जुलै १९६१ मध्ये.

'जगातली पहिली फोर व्हील ड्राइव्ह रेसिंग कार.' नाही. हॉलंडच्या स्पायकरने १९०३ मध्येच चारही चाकं फिरवणारी गाडी बनवली होती. १९३२ मध्ये बुगाटीची टाइप ५३ होती, त्याच सुमाराला अमेरिकेत हॅरी मिलरच्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या इंडियानापोलिसला धावत होत्या. युद्धानंतर पोर्शच्या लोकांनी इटलीतल्या सिसिटालियासाठी एक ग्रां प्री कार डिझाइन केली, तीही चारही चाकांवर. एफ-वन वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसमध्ये धावलेली पहिली, असं म्हणा, मग बरोबर आहे.

पण पी-९९ मध्ये नवीन काहीच नव्हतं का? होतं, आणि तेच नेमकं पोस्टमध्ये नाहीये. ज्यांनी जुनी जीप चालवलीये त्यांना माहितीये, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरचा दांडा टाकून स्टिअरिंग पूर्ण कापलं की गाडी अडखळते, टायर कुंईकुंई करतात, जणू कोणीतरी मागून धरून ठेवलंय. कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा गोल मारतात, त्यांना जास्त अंतर जायचं असतं, पण मधला शाफ्ट दोघांना एकाच स्पीडने फिरवत असतो, मग भांडण होतं आणि ते टायरवर निघतं. यावर उपाय म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे आणखी एक डिफरन्शियल टाकायचं, म्हणजे दोन्हीकडे ताकद देऊनही त्यांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअरचा संच. ते टाकलं की दुसरी आफत, एक चाक चिखलात किंवा पाण्यात सुटलं की सगळी ताकद तिकडेच जाते आणि बाकीची तीन चाकं बसतात बघत. फर्ग्युसनच्या लोकांनी मधलं डिफरन्शियल टाकलं आणि त्याला वन-वे क्लच जोडले, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वळणापुरता फरक ठेवायची मोकळीक, पण फरक ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला की क्लच पकडणार आणि पुढचं-मागचं एक होणार. सगळं मेकॅनिकल, ना सेन्सर ना कॉम्प्युटर, १९६१ साली! बाकी गाडी दिसायला जुन्या वळणाची, इंजिन पुढे, तेही तिरकं बसवलेलं, आणि शाफ्ट बाजूने जातो म्हणून ड्रायव्हर मधोमध नाही, जरा सरकलेला. त्या काळात सगळे झपाट्याने इंजिन मागे नेत होते, त्यामुळे ही गाडी एकाच वेळी सगळ्यात पुढारलेली आणि सगळ्यात मागासलेली होती असं म्हटलं तरी चालेल.

'पहिल्याच रेसला जिंकली.' तिसऱ्या. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश एम्पायर ट्रॉफीत जॅक फेअरमन चालवत होता, गिअरबॉक्स गेला, घरी. मग १५ जुलैला लिव्हरपूलजवळच्या एंट्री नावाच्या ट्रॅकवर ब्रिटिश ग्रां प्री, ही खरी चॅम्पियनशिपची रेस, आणि धो धो पाऊस, म्हणजे या गाडीसाठी हवं तसं हवामान. पुन्हा फेअरमनच होता आणि गाडीने मधेच दगा दिला तेव्हा मेकॅनिकांनी तिला ढकलून चालू केलं. हे नियमात बसत नव्हतं. पुढे मॉसच्या स्वतःच्या लोटस गाडीचे ब्रेक गेले, त्याने येऊन फेअरमनला उतरवलं आणि स्वतः पी-९९ मध्ये बसला, तेव्हा ड्रायव्हर बदललेला चालायचा, आणि थोड्याच वेळात त्या आधीच्या धक्का-स्टार्टसाठी गाडी डिस्क्वालिफाय झाली. म्हणजे अधिकाऱ्यांनी या गाडीवर खरोखर एकदा कारवाई केली होती, पण ती कशासाठी ते बघा.

आता 'ग्रां प्री जिंकली.' ती ग्रां प्री नव्हती. तो होता इंटरनॅशनल गोल्ड कप, २३ सप्टेंबर १९६१, चेशरमधलं औल्टन पार्क. एफ-वनच्याच गाड्या, एफ-वनचेच नियम, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपचे पॉइंट नाहीत. नॉन-चॅम्पियनशिप रेस. हे कळलं की दुसऱ्या टोकाचे लोक लगेच म्हणतात, हात्तिच्या, म्हणजे फ्रेंडली मॅच होती, तिला काय किंमत. हेही चूक, आणि यावर जरा थांबतो कारण आजच्या एफ-वनवरून त्या काळाचा अंदाजच येत नाही.

१९६१ च्या अख्ख्या सीझनमध्ये चॅम्पियनशिपच्या रेस होत्या फक्त आठ. त्याच वर्षी नॉन-चॅम्पियनशिप एफ-वन रेस झाल्या वीसच्या वर. सिराक्यूज, पो, ब्रसेल्स, नेपल्स, सॉलिट्यूड, मोडेना, वर्षाच्या शेवटी दक्षिण आफ्रिका. टीम्सचं पोट यावर चालायचं. आयोजक स्टार्ट मनी द्यायचे, म्हणजे नुसतं येऊन उभं राहायचे पैसे, आणि मॉससारखं नाव असेल तर ते चांगलेच घसघशीत. टीव्हीचे हक्क नाहीत, मोठे स्पॉन्सर नाहीत, मग रॉब वॉकरसारखा माणूस, जो गाडी स्वतः बनवत नाही, दुसऱ्यांच्या गाड्या घेऊन प्रायव्हेट टीम चालवतो, तो कमावणार कुठून? पी-९९ सुद्धा त्याच्याच टीमने चालवली, तो गडद निळा रंग आणि पांढरा पट्टा वॉकरचा. त्यात त्या वर्षी या रेसची इज्जत काय होती याचा एक पुरावा देतो. जियानकार्लो बागेट्टी नावाचा इटालियन पोरगा एप्रिल १९६१ मध्ये सिराक्यूजला आपली पहिलीच एफ-वन रेस फेरारीतून जिंकला, समोर डॅन गर्नी, ब्रॅबम, मॉस सगळे. पॉइंट नव्हते म्हणून कोणी ती खोटी म्हणत नाही.

आणि फ्रेंडली मॅच म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की मॉसचं करिअर ज्या रेसमध्ये संपलं, २३ एप्रिल १९६२ ची गुडवूडची ग्लोव्हर ट्रॉफी, तीही नॉन-चॅम्पियनशिपच. त्या दिवशी तो बांधावर आदळला आणि महिनाभर कोमात होता. पॉइंट नसले म्हणून कोणी गाडी हळू चालवत नव्हतं.

तर गोल्ड कपला ग्रिडवर कोण होतं? जॅक ब्रॅबम, आधीच्या दोन्ही वर्षांचा वर्ल्ड चॅम्पियन. ब्रूस मॅकलॅरन. जिम क्लार्क. ग्रॅहम हिल. पण एक मोठी गोष्ट पोस्टवाले आणि फॅन दोघंही विसरतात, फेरारी नव्हती. त्या वर्षीची सगळ्यात वेगवान गाडी म्हणजे शार्कच्या नाकाची फेरारी १५६, आणि दोनच आठवड्यांपूर्वी, १० सप्टेंबरला मोंझाला, तिच्यातच फेरारीचा ड्रायव्हर वोल्फगांग फॉन ट्रिप्स ॲक्सिडेंटमध्ये मेला होता, त्याच्याबरोबर प्रेक्षकांतली बरीच माणसं. पी-९९ ने 'सगळ्यांना' हरवलं म्हणताना हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या बाजूने, जे होते त्यांच्यातल्या बहुतेकांकडे मॉससारखंच चार सिलेंडरचं कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन होतं, दीड लिटरचं, दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर. त्यामुळे गाडी विरुद्ध गाडी अशी तुलना त्या दिवशी बऱ्यापैकी सरळ होती.

'सगळ्या फील्डला लॅप दिला.' नाही दिला. ६० लॅपची रेस, एक लॅप सुमारे साडेचार किलोमीटरचा, आणि मॉस ४६ सेकंदांनी जिंकला. दुसरा ब्रॅबम, तिसरा मॅकलॅरन. लॅपला पावणेदोन मिनिटं धरली तरी हे अंतर अर्ध्या लॅपपेक्षा कमी. त्या स्तराच्या रेसमध्ये ४६ सेकंद म्हणजे समोरच्याची धुलाईच आहे, ती आणखी फुगवायची गरज काय?

मग तो जिंकला कशामुळे? ट्रॅक ओलसर होता. औल्टन पार्क म्हणजे सपाट विमानतळावर ड्रम मांडून केलेला ट्रॅक नाही, जुन्या इस्टेटीतलं पार्क, चढउतार, तळं, झाडी, आणि अशा झाडीतल्या रस्त्यावर पाऊस थांबला तरी सावलीतले पट्टे ओले राहतात, ते घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी प्रत्येक वळणातून बाहेर पडताना बाकीच्यांना ॲक्सिलरेटरवर पाय जपून ठेवावा लागतो आणि चार चाकांवाला जरा आधी दाबू शकतो. एका वळणाला फरक किती, अगदी चिमूटभर. पण तो ६० लॅप, प्रत्येक वळणाला मिळत राहिला की साठतो.

आणि दुसरं कारण, गाडीत मॉस होता. याच वर्षी त्याने मोनाको आणि न्यूरबुर्गरिंग जिंकलं होतं, वॉकरच्याच जुन्या मॉडेलच्या, मागची दोन चाकं फिरणाऱ्या लोटसमधून, आणि तिथे समोर फेरारीची पूर्ण फौज होती, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पॉवरची. न्यूरबुर्गरिंगलाही ओलावा होता. मग तिथल्या विजयाचं श्रेय कुठल्या ड्राइव्हट्रेनला द्यायचं? फेअरमन वाईट ड्रायव्हर नव्हता, पण त्याच गाडीत भर पावसात एंट्रीला तो पुढे सोडाच, मधेही नव्हता. गोल्ड कप मॉसने त्याआधी चार वेळा जिंकला होता, हा पाचवा, आणि आधीच्या चारही वेळेला गाडीची पुढची चाकं फक्त वळायचं काम करत होती. माझं मत विचाराल तर त्या दिवशी मॉस कूपरच्या साध्या टू व्हील ड्राइव्ह गाडीत असता तरी जिंकायचे चान्स चांगले होते, फक्त ४६ सेकंद नसते मिळाले.

ही रेस खरी ऐतिहासिक दोन कारणांसाठी. एफ-वनची रेस जिंकलेली ही आजतागायत एकमेव फोर व्हील ड्राइव्ह गाडी. आणि पुढे इंजिन असलेल्या गाडीने जिंकलेली ही शेवटची एफ-वन रेस. दुसऱ्या कारणाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आता मुख्य मुद्दा, बंदी.

१९६१ नंतर बंदी आली नाही. १९६२ मध्ये आली नाही, ६३ मध्ये नाही. १९६३ च्या सुरुवातीला हीच पी-९९ मोठं इंजिन टाकून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला धावायला नेली होती, ग्रॅहम हिल आणि इनिस आयर्लंडने चालवली. १९६४ मध्ये बीआरएमने, म्हणजे त्याच 'टरकलेल्या' बड्या टीम्सपैकी एकीने, फर्ग्युसनचीच सिस्टीम घेऊन पी-६७ नावाची फोर व्हील ड्राइव्ह एफ-वन कार बनवली आणि ब्रिटिश ग्रां प्रीच्या प्रॅक्टिसला आणली, रिचर्ड ॲटवूड चालवायला. वेळ इतकी सुमार आली की रेसला उतरवलीच नाही.

आणि १९६९ बघा. त्या वर्षी एक नाही, चार जणांनी फोर व्हील ड्राइव्ह एफ-वन गाड्या बनवल्या. लोटस ६३, फ्रान्सच्या मात्रा कंपनीची एमएस-८४, मॅकलॅरन एम-९-ए आणि खुद्द इंजिन बनवणाऱ्या कॉसवर्थची एक. बंदी असती तर लोटसचा मालक कॉलिन चॅपमनसारखा माणूस यात पैसे घालेल का? सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीला तर एकदम चार फोर व्हील ड्राइव्ह गाड्या रेसमध्ये होत्या. दोन पूर्ण झाल्या, मात्रा नववी आणि लोटस दहावी, बाकी दोन बंद पडल्या. जिंकला जॅकी स्ट्युअर्ट, साध्या टू व्हील ड्राइव्ह मात्रा एमएस-८० मधून. यातली गंमत अशी की मात्राची फोर व्हील ड्राइव्ह स्ट्युअर्टलाही चालवायला होती, त्याने दोन्ही चालवून बघितल्या आणि रेसला साधी घेतली, आणि त्याच साध्या गाडीने वर्षाच्या शेवटी वर्ल्ड चॅम्पियन झाला. कोणी अडवलं होतं का त्याला? स्टॉपवॉचने अडवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा औल्टन पार्क, पुन्हा गोल्ड कप, आणि योखेन रिंट लोटस ६३ घेऊन दुसरा आला, जॅकी इक्सच्या ब्रॅबम गाडीच्या मागे. एफ-वनच्या जोडीला खालच्या फॉर्म्युल्यांच्या गाड्याही त्यात मिसळलेल्या, म्हणजे फील्ड तसं पातळ. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फोर व्हील ड्राइव्हच्या नावावर अख्खा एक पॉइंट आहे, १९६९ च्या कॅनडा ग्रां प्रीला सहावा आलेल्या जॉनी सर्वोझ-गाव्हांचा, मात्रामधून, आणि त्या दिवशी तिची पुढची चाकं चालूच नव्हती असं सांगतात. १९७१ मध्ये चॅपमनने टर्बाइन इंजिनची, म्हणजे हेलिकॉप्टरसारखं इंजिन असलेली, फोर व्हील ड्राइव्ह लोटस ५६-बी पण एफ-वनला आणली, एमर्सन फिटिपाल्डी तिच्यात मोंझाला आठवा आला. तोपर्यंतही नियमात काही आडकाठी नव्हती.

बरं, नियम बनवणारे रातोरात बंदी घालू शकत होते का? हो की! आणि घातलीही, पण दुसऱ्या गोष्टीवर. १९६९ मध्येच बार्सिलोनाला उंच खांबांवर लावलेले विंग, म्हणजे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे पंख, मोडून हिल आणि रिंट दोघांचे भयानक ॲक्सिडेंट झाले, आणि पुढच्याच मोनाको ग्रां प्रीला पहिली प्रॅक्टिस झाल्यावर, वीकेंडच्या मधेच, विंग काढायला लावले. याला म्हणतात ताबडतोब बंदी. फोर व्हील ड्राइव्हच्या वाट्याला असलं काही आलं नाही कारण तिची कोणाला भीतीच वाटत नव्हती.

एफ-वनमध्ये फोर व्हील ड्राइव्हला बंदी आली १९८३ च्या नियमांत. गोल्ड कपनंतर बावीस सीझन. आणि तीही फर्ग्युसनची आठवण काढून नाही, त्या वेळी विल्यम्सने सहा चाकांची गाडी टेस्ट केली होती, मागे चार चाकं आणि चारही ड्राइव्हची, तेव्हा नियमात लिहिलं की चाकं चारच आणि त्यातली इंजिनने फिरणारी दोनच.

'बंदी नसती तर आज सगळ्या फोर बाय फोर असत्या.' बंदी नव्हती तेव्हाच लोकांनी सोडून दिली ना! का सोडली ते सांगतो, हे समजायला फार गणित लागत नाही. दीड लिटरच्या जमान्यात, म्हणजे १९६१ ते ६५, गाड्यांची ताकद इतकी कमी होती की कोरड्या रस्त्यावर मागची दोन चाकं ती आरामात झेलायची, मग जादा डिफरन्शियल, जादा शाफ्ट, जादा जॉइंट यांचं वजन वाहायचं कशाला? शिवाय प्रत्येक गिअरच्या दातात थोडी पॉवर खाल्ली जाते. १९६६ पासून तीन लिटर इंजिन आलं, ६७ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही, चारशे हॉर्सपॉवर, आता मागची चाकं खरोखर जागेवर फिरायला लागली आणि लोकांना पुन्हा फर्ग्युसन आठवला. म्हणून १९६९ ला ती चार गाड्यांची लाट. पण गाड्या तयार होईपर्यंत दोन गोष्टी घडल्या. विंग आले, वेगात हवाच गाडीला खाली दाबायला लागली. आणि टायर रुंद झाले, मागचे तर दरवर्षी आणखी रुंद. इंजिन मागे, म्हणजे वजन मागे, ॲक्सिलरेटर दाबला की वजन आणखी मागे सरकतं, आणि तिथेच रुंद टायर. अशा वेळी पुढच्या चाकांना ताकद देऊन मिळणार काय?

उलट नुकसान. पुढच्या टायरला आधीच वळायचं काम, त्याच्या डोक्यावर ओढायचंही काम टाकलं की दोन्ही अर्धवट, गाडी नाक वळवेना, सरळच जायला बघते. चांगला ड्रायव्हर ज्या एका गोष्टीवर जगतो, पायाने मागचं टोक हलकेच सरकवून गाडी वळवणं, तीच हातातून जाते. १९६९ च्या ड्रायव्हरांना या गाड्या आवडल्या नाहीत त्याचं हे कारण. टीम्सनी पुढे जाणारी ताकद कमी करत करत नेली, आणि कमी करत करत नेल्यावर मग जादा वजनाचा शाफ्ट पुढे नेलायच कशाला असा प्रश्न उरला.

आता बंदीची अफवा हवेतून आलेली नाही, हेही मान्य करायला पाहिजे. अमेरिकेत फोर व्हील ड्राइव्हवर खरोखर बंदी आली, आणि तिथे फर्ग्युसनचा थेट संबंध आहे. १९६३ मध्ये पी-९९ इंडियानापोलिसला टेस्टला गेली होती, ते बघून अँडी ग्रॅनॅटेली या तिथल्या टीममालकाने फर्ग्युसनकडून सिस्टीम घेतली. १९६७ च्या इंडी ५०० मध्ये त्याची टर्बाइन गाडी, पार्नेली जोन्स चालवत होता, आरामात पुढे, आणि शेवटच्या तीन-चार लॅपवर गिअरबॉक्समधली एक बेअरिंग गेली. १९६८ ला लोटसच्या टर्बाइनचं पुन्हा तसंच, जो लेनर्ड पुढे असताना नऊ लॅप राहिले आणि गाडी बंद. तिथे रेसचे नियम करणाऱ्या यूसॅक या संस्थेने मग टर्बाइनची हवा काढली आणि १९६९ नंतर फोर व्हील ड्राइव्हही बंद केली. म्हणजे 'बड्या लोकांनी घाबरून बंद केलं' ही तक्रार तिकडे थोडीफार लागू पडते. दुसरं उदाहरण त्याहून अलीकडचं, १९८८ ला अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम सिरीजमध्ये ऑडी २०० क्वाट्रो आली, चॅम्पियनशिप घेऊन गेली आणि लगेच ऑल व्हील ड्राइव्हला दार बंद. कोणीतरी या दोन गोष्टी आणि १९८३ चा नियम एकत्र घुसळला आणि वर १९६१ चा फोटो लावला, असं मला वाटतं.

आणि पी-९९ चं पुढे काय झालं? दडपली, भंगारात गेली, असं काही नाही. पीटर वेस्टबरीने ती हिलक्लाइंबला नेली, म्हणजे अरुंद डोंगरी रस्त्यावर उभ्यापासून सुटून एकेकट्याने वर जायची रेस, जिथे सगळा खेळ सुटतानाच्या पकडीचा आणि सगळं मिनिटभरात संपतं, आणि १९६४ ची ब्रिटिश हिलक्लाइंब चॅम्पियनशिप तिच्यातून जिंकली. ती एफ-वनला नापास झालेली बीआरएम पी-६७ पण शेवटी तिथेच पोचली आणि पीटर लॉसनने १९६८ ची चॅम्पियनशिप तिच्यात मारली. गाडीला साजेसं काम मिळालं की ती चालते. पी-९९ आजही आहे, गुडवूडला लोकांनी तिला धावताना बघितलीये.

म्हाताऱ्या फर्ग्युसनला मुळात रेस जिंकायचीच नव्हती, रस्त्यावरची गाडी सुधारायची होती, आणि तीही निघाली. १९६६ ची जेन्सन एफएफ, त्यातलं एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला, चारही चाकांची ड्राइव्ह आणि वर अँटिलॉक ब्रेक, ऑडी क्वाट्रोच्या चौदा वर्षं आधी. १९७१ पर्यंत ३२० गाड्या बनल्या आणि बंद. तिला कुणी बॅन नव्हतं केलं. किंमत भयंकर होती, आणि शाफ्टची मांडणी अशी बसली होती की स्टिअरिंग फक्त उजवीकडेच लावता यायचं, त्यामुळे महागड्या गाड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, अमेरिका, पहिल्या दिवसापासून हातचं गेलं होतं.